मुक्कामी गाडी आणि उपाशीपोटी तपासणी

आमच्या गावापासून २२ किलोमीटरवर एक वाडी आहे. तिथे रात्री मुक्कामाला जाणारी गाडी सकाळी सहाला निघायची आणि सातच्या सुमारास स्टँडवर लागायची. माझ्याकडे रक्त तपासायला येणारी बरीच मंडळी याच गाडीची. पावसाळ्याच्या तोंडावर ती फेरी बंद झाली. कारण तोट्याचे सांगितले गेले. आता पहिली गाडी साडेदहाला, आणि तीही आली तर.

गेल्या महिन्यात त्या वाडीतील एक मावशी, वय ६२, दुपारी सव्वाबाराला दवाखान्यातील बाकावर बसल्या जागी कलंडल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. सून म्हणाली, ''उन्हाचं झालं असंल.'' बोटातून रक्त घेतले. साखर अवघी ४२! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत मावशी डोळे उघडून पिशवी शोधू लागल्या.

चूक माझी होती. गेली पंचवीस वर्षे मी कागदावर 'सकाळी उपाशीपोटी येणे' एवढेच लिहीत आलो. मुक्कामी गाडी होती तोवर रात्री आठचे जेवण ते सकाळी आठची तपासणी असे बारा तास होत. आता ते सोळा झाले. शिवाय मावशींनी साखरेची गोळी सकाळी सातला वेळेवर घेतली होती. गोळी चुकवायची नाही, हेही मीच बजावलेले. पोटात अन्न नाही आणि गोळी आपले काम करतेच आहे.

म्हणून मधुमेही वाचकांना सांगतो. उपाशीपोटी तपासणीला आठ तास पुरतात. त्या सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारा. गाडी उशिराची असेल तर तसे सांगा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला 'एचबीए-वन-सी' म्हणतात, ती जेवूनही करता येते. प्रवासात खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

काटकसर गाडीपुरती नाही. गावातील सार्वजनिक दवाखान्याची संध्याकाळची वेळही बंद झाली. हमाल, बांधकामावरच्या बाया संध्याकाळीच मोकळ्या होतात. सकाळी आले तर रोज बुडतो. मग रक्तदाबाच्या गोळ्या संपतात आणि 'पुढच्या बाजारी आणू' म्हणत आठवडे जातात. डोके दुखत नाही, त्यामुळे रक्तदाब आहे हे माणूस विसरतो. एके दिवशी तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन. ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी. हिशेब वाचकांनीच करावा. अशा वेळी गाडीची वाट पाहू नये, १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. चांगलेच झाले. पण सवलत वापरायला फेरी हवी ना?

मावशी परवा आल्या. भाकरी खाऊन, दुपारच्या गाडीने. तपासणी झाली, गोळीची मात्रा मी कमी केली. निघताना म्हणाल्या, ''डाक्टर, तुमच्या कागदावर लिहून द्या की, सकाळची गाडी पायजे म्हणून. तुमचं ऐकतील.''

लेटरहेड काढले. वाडीतील माझ्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांची संख्या लिहिली, नावे लिहिली नाहीत, खाली सही-शिक्का केला. मावशींनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि साडेतीनची गाडी चुकेल म्हणून लगबगीने निघाल्या.