गॅरेज सेलमधला जुना रंधा

अमेरिकेत उन्हाळ्यातील शनिवारी सकाळी अनेक घरांसमोर ‘गॅरेज सेल’ची पाटी झळकते. नकोशा झालेल्या वस्तू अंगणात मांडल्या जातात. खेळणी आणि कपड्यांच्या आड एखाद्या खोक्यात गंजलेली हत्यारे असतात. दर्दी ग्राहक प्रथम त्या खोक्याकडे वळतो. हत्यारे वापरणारा पुष्कळदा हयात नसतो आणि वारसांना त्यांचे मोल ठाऊक नसते.

शोध असतो तो बहुधा ‘स्टॅन्ले’च्या लोखंडी रंध्याचा. लिओनार्ड बेली यांची रंध्यांची पेटंट्स या कंपनीने १८६९ मध्ये घेतली. काही रंध्यांच्या बैठकीवर १९०२ वा १९१० सालची तारीख उठवलेली दिसते. विक्रेते ते निर्मितीचे वर्ष समजतात. प्रत्यक्षात ती पेटंटची तारीख असते, रंधा त्यानंतरचा.

गंजाला मात्र भिऊ नये. वरवरचा गंज व्हिनेगरमध्ये भिजवून, घासून निघतो. पात्याच्या धारेजवळ खोल खड्डे असतील, तर धार अखंड येत नाही. तरी पाते बदलता येते. बिडाच्या तळाला तडा गेला असेल, तर रंधा मुकाट्याने खाली ठेवावा. पाते बाहेर येते त्या फटीपाशी तो हमखास तपासावा, कारण बीड ठिसूळ असते आणि सांधणे जिकिरीचे.

करवत घेताना पाते डोळ्यांसमोर आडवे धरून वाक पाहावा. फिलाडेल्फियाच्या ‘डिस्टन’ करवती आजही सापडतात. त्यांचे दात बोथट असले, तरी कानशीने पुन्हा धारदार होतात. आजच्या अनेक स्वस्त करवतींचे कडक केलेले दात कानस घेतच नाहीत. बोथटल्या, की त्या फेकाव्या लागतात.