मांसल वनस्पतींची पानापासून रोपे

बहुतेक झाडांची अभिवृद्धी बियांपासून अथवा फांदीच्या कलमापासून करतात. जाड, मांसल पानांच्या काही वनस्पतींना मात्र एक पान पुरेसे होते. परसातील पानफुटी हे याचे परिचित उदाहरण होय. मूळच्या मादागास्करच्या या वनस्पतीचे पान ओलसर मातीवर ठेवले असता त्याच्या कडेच्या खाचांतून मुळे व अंकुर फुटतात. पर्णबीज हे तिचे संस्कृत नाव त्यामुळे सार्थ ठरते.

तोडलेले पान जगते ते आपल्यात साठविलेल्या पाण्यावर व अन्नावर. अशा वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा बहुधा मिटलेली असतात व रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू पानात आम्लरूपाने साठतो. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते व दुपारी बेचव होते, हे हिंदुस्थानात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांचे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे कारण हेच होय. दिवसा रंध्रे मिटलेली असल्याने पानातील ओल टिकते. म्हणून मुळे फुटण्यापूर्वी अशा पानास पाणी फार थोडे लागते. पुष्कळ पाने वाळून नव्हे, तर जादा पाण्याने कुजून वाया जातात.

लावण्याची रीत. पावसाळी दमट हवा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात हे काम करावे. निरोगी, पूर्ण वाढलेले पान निवडावे. एचेव्हेरियासारख्या शोभेच्या झाडाचे पान हलके पिळून देठाच्या बुडासकट काढावे. बूड तुटल्यास अंकुर येत नाही. पान सावलीत २ ते ४ दिवस ठेवून जखम सुकू द्यावी. तळास भोक असलेल्या कुंडीत २ भाग भरड वाळू व १ भाग चांगले कुजलेले खत मिसळून भरावे. त्यावर पान आडवे ठेवावे, पुरू नये. कुंडी उजेडात, परंतु कडक उन्हाबाहेर ठेवावी. वरचा थर कोरडा झाल्यावरच पाणी शिंपडावे. साधारण २ ते ४ आठवड्यांत मुळे दिसतात. जुने पान आपोआप सुकेपर्यंत ते रोपापासून तोडू नये.

स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडेही रुजतात. मात्र प्रत्येक तुकड्याची खालची बाजूच मातीत गेली पाहिजे. पिवळ्या काठाच्या जातीची पानापासून केलेली रोपे हिरवीच निघतात. काठ राखावयाचा असल्यास गड्डा विभागून लावावा.

कोरफडीचा अपवाद. कोरफडीचे पान मांसल असले तरी त्यापासून रोप होत नाही. ते मातीत कुजते. तिची लागवड बुंध्याशी येणाऱ्या पिलांपासूनच करावी. लागवडीसाठी पाने विकत घेणाऱ्याचे पैसे व हंगाम दोन्ही वाया जातात. ग्राम कार्यकर्त्यांनी हा भेद शेतकऱ्यांस लावणीपूर्वीच समजावून द्यावा.

गुरांची काळजी. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारे विष असते. ऑस्ट्रेलियात या वर्गातील वनस्पती खाऊन गुरे दगावली आहेत. फुलोऱ्यात विषाचे प्रमाण विशेष असते. म्हणून कुंड्या गोठ्यापासून दूर ठेवाव्यात. छाटलेली पाने बांधावर अथवा उकिरड्यावर टाकू नयेत, कारण तेथेही ती रुजतात. ती पूर्ण वाळवून जाळावीत. जे पान एका कुंडीत दहा रोपे देते, तेच बांधावर पडले तर दहा ठिकाणी धोका पेरते.