बंगळूरमधील सॉफ्टवेअर उद्योगसंकुल

एकाच व्यवसायातील कंपन्या, शिक्षणसंस्था आणि पूरक सेवा एका परिसरात एकवटल्या म्हणजे त्या समूहास उद्योगसंकुल म्हणतात. बंगळूर हे विकसनशील देशांतील अशा सॉफ्टवेअर उद्योगसंकुलाचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी
भारतीय विज्ञान संस्था (१९०९), विमाननिर्मितीचा कारखाना (१९४०) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) यांमुळे येथे कुशल अभियंत्यांचा वर्ग आधीच तयार झाला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस राज्य शासनाच्या केऑनिक्स महामंडळाने इलेक्ट्रॉनिक्स सिटी वसवण्यास आरंभ केला. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये येथे आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकासकेंद्र उघडले व उपग्रहाद्वारे परदेशाशी संपर्क साधला. पुढे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने अशी संपर्कसुविधा व करसवलत लहान कंपन्यांनाही उपलब्ध करून दिली.

नवनिर्मिती
अभियंते नोकरी बदलतात तेव्हा त्यांचे अनुभवजन्य ज्ञानही एका कंपनीतून दुसरीत जाते. काही जण स्वतःचा उद्योग उभारतात. अ‍ॅमेझॉनमधील दोन माजी कर्मचाऱ्यांनी २००७ मध्ये येथे स्थापन केलेली फ्लिपकार्ट हे याचेच उदाहरण होय.

मर्यादा
या उद्योगाचा भर दीर्घकाळ परदेशी ग्राहकांनी ठरवून दिलेल्या कामांवर राहिला. त्या मानाने स्वतःची उत्पादने कमी निघाली. शहराच्या झपाट्याने झालेल्या वाढीमुळे पाणी व वाहतुकीवरील ताणही वाढला. केवळ इमारती आणि करसवलती देऊन असे संकुल उभे राहत नाही. त्यामागे शिक्षण व संशोधनातील अनेक दशकांची सार्वजनिक गुंतवणूक असते, हे बंगळूरच्या इतिहासावरून दिसते.