एपवर्थचें रेक्टरभवन

इंग्लंडांतील जुन्या खेड्यांत देवालयाच्या शेजारीं बहुधा एक प्रशस्त घर असतें. तेथें त्या गांवचा धर्माधिकारी, म्हणजे रेक्टर, राहत असे. शेतीच्या उत्पन्नाचा दशमांश व कांहीं इनामी जमीन ही त्याची वृत्ति. परंतु आपल्याकडील वतन जसें बापामागून मुलाकडे जाई तसें या घराचें नव्हतें. घर अधिकारपदाचें, व्यक्तीचें नव्हे. रेक्टर वारला कीं त्याच्या विधवेनें मुलांबाळांसह तें सोडावें, असा रिवाज होता. आणि घर पडलें किंवा जळलें तर बांधण्याचा भार मात्र त्या वेळच्या रेक्टरवर! या विलक्षण व्यवस्थेचें सुखदुःख लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ येथल्या घरानें जितकें पाहिलें, तितकें क्वचितच दुसऱ्या कोणी पाहिलें असेल.

एपवर्थ हा भाग मूळचा दलदलीनें वेढलेला. इ. स. १६२६ पासून व्हर्मूय्डेन नांवाच्या डच स्थापत्यकारानें राजाज्ञेनें ती दलदल आटविली, आणि गायरानें व मासेमारी यांवर जगणारे लोक कायमचे चिडून राहिले. अशा तापट लोकांत १६९५ च्या सुमारास सॅम्युएल वेस्ली हा विद्वान पण व्यवहारशून्य गृहस्थ रेक्टर म्हणून आला. निवडणुकींत त्यानें लोकांना न रुचणारा पक्ष धरला. १७०५ सालीं सुमारें तीस पौंडांच्या कर्जापायीं त्याला लिंकनच्या किल्ल्यांतील तुरुंगांत जावें लागलें.

त्या वेळचें घर लांकडी सांगाड्याचें, गिलाव्याच्या भिंतींचें व पेंढ्यानें शाकारलेलें होतें. स्वयंपाकघर, ओसरीवजा दालन, बैठकीची खोली, कोठी व वर तीन मोठ्या खोल्या, असा तीन मजल्यांचा संसार! १७०९ च्या फेब्रुवारींत ९ तारखेच्या रात्रीं छपरानें पेट घेतला. आग कोणी लावली, असा संशय आला; सिद्ध कांहीं झालें नाहीं. रेक्टरची पत्नी सुसाना त्या वेळीं गरोदर होती. ती ज्वाळांतून चालत बाहेर पडली. तोंड व पाय होरपळले. दाईनें तान्ह्या चार्ल्सला उचलून आणलें. मोजदाद करतां पांच वर्षांचा जॉन आंतच राहिल्याचें कळलें! जिना पेटलेला, बापाला वर जातां येईना. त्यानें अंगणांत गुडघे टेकून मुलाचा आत्मा देवाच्या स्वाधीन केला. इतक्यांत मुलगा पेटीवर चढून खिडकींत दिसला. शिडी आणण्यास सवड नव्हती. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला व त्यानें पोराला ओढून घेतलें. तोंच छप्पर आंत कोसळलें. हाच जॉन वेस्ली पुढें मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक झाला.

ग्रंथ व हस्तलिखितें भस्म झालीं. आठही मुलें वांचलीं, हीच काय ती पुंजी.

त्याच वर्षीं सुमारें चारशें पौंड खर्चून नवें घर उभें राहिलें, तेंच आजचें. राणी अ‍ॅनच्या काळची ती साधी रीत आहे: तांबड्या विटांच्या भिंती, कौलारू छप्पर, दोन मजले, वर पोटमाळा व सारख्या अंतरावर मोठ्या तावदानांच्या खिडक्या. अलंकार थोडे, प्रमाणबद्धता मात्र डोळ्यांत भरते. पेंढ्याच्या जागीं कौलें व लांकडाच्या जागीं वीट घालण्यांत होरपळलेल्या माणसाचें शहाणपण उघड दिसतें. भिंती भक्कम झाल्या. पण पुढें कित्येक वर्षें आंत पुरेसें सामान नव्हतें.

या घराची खरी धनीण सुसाना. तिला एकोणीस मुलें झालीं, त्यांतलीं नऊ लहानपणींच गेलीं. आगीनंतर मुलें कांहीं महिने निरनिराळ्या घरीं विखुरलीं होतीं; तेथें तीं वाईट बोलणें व उनाडपणा शिकून आलीं, याचें तिला घर जळल्याहून अधिक दुःख झालें असावें. नव्या घरांत तिनें पुन्हां शिस्त बसविली. रोज सहा तास शाळा. पांच वर्षें पुरीं होतांच एका दिवसांत मुळाक्षरें. मुलगी नीट वाचूं लागेपर्यंत तिच्या हातीं शिवणकाम द्यावयाचें नाहीं, हा तिचा नियम. प्रत्येक मुलासाठीं आठवड्यांतील एक सायंकाळ राखलेली असे. जॉनचा वार गुरुवार. शिक्षकाचा धंदा केलेल्यांनाही हें साधत नाहीं, हें अनुभवानें सांगतों.

१७११-१२ च्या हिवाळ्यांत पति लंडनला असतां ती रविवारीं स्वयंपाकघरांत घरच्यांसाठीं प्रवचन वाचूं लागली. शेजारी येऊं लागले; संख्या दोनशेंपर्यंत गेली. रेक्टरच्या मदतनिसानें लंडनला तक्रार धाडली. पतीनें ‘बंद करावें’ असें सुचविलें. तिनें उत्तर दिलें कीं, सुचवूं नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे परमेश्वरापुढें जबाबदारी तुमची. आज्ञा कांहीं आली नाहीं!

१७१६ च्या डिसेंबरांत पोटमाळ्यावर ठोके व पावलें ऐकूं येऊं लागलीं. मुलींनीं त्या अदृश्य पाहुण्याला ‘जेफ्री’ असें नांव ठेवलें. भूत असो वा उंदीर असो, घरच्यांनीं भीतीपेक्षां थट्टाच अधिक केली.

१७३५ सालीं सॅम्युएल वारला. जॉननें बापामागून ही जागा घेण्याचें आधींच नाकारलें होतें. तेव्हां चाळीस वर्षांच्या संसारानंतर सुसानानें घर सोडलें व ती मुलीकडे गेन्सबरोला गेली. पुढें १७४२ च्या जूनमध्यें जॉन एपवर्थला आला, तर त्याला देवालयांत बोलूं दिलें नाहीं. तो बाहेर स्मशानभूमींत गेला, बापाच्या थडग्यावर उभा राहिला, आणि तेथूनच त्यानें गांवाला उपदेश केला. घर दुसऱ्याचें झालें होतें. तेवढी शिळा कुटुंबाची उरली होती.

१९५४ सालीं जागतिक मेथॉडिस्ट मंडळानें ही वास्तु विकत घेतली व दुरुस्त करून १९५७ मध्यें लोकांस खुली केली. सुसानाचें स्वयंपाकघर तेथें पाहावयास मिळतें, आणि वर पोटमाळ्यावरची ती खोली अजून जेफ्रीच्याच नांवानें ओळखली जाते.