चढण्याआधी उतरण्याची विद्या

श्रावण वद्य अष्टमीच्या रात्री कृष्णजन्म झाला, की दुसऱ्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांतून गोविंदा पथके निघतात आणि एकमेकांच्या खांद्यांवर पाय देऊन दहीहंडीपर्यंत पोहोचतात. चाळीच्या चौकातील हा खेळ पुढे मैदानात आला, त्याला मोठमोठ्या बक्षिसांची जोड मिळाली, आणि थर वाढत गेले. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. त्या मनोऱ्याची उंची ४३.७९ फूट भरली व तिची नोंद गिनीज बुकात झाली. २०२५ साली दहा थरही लागले. ह्या पराक्रमाचे कौतुक आम्हांसही वाटते. तथापि अलीकडच्या वर्षांत ह्या एका दिवशी एकट्या मुंबईत जखमी होणाऱ्यांचा आकडा शंभराच्या पुढे जातो, आणि एखाद्या घरी तो सण कायमचा शोकाचा होऊन बसतो, हेही विसरून चालावयाचे नाही.

आपल्या घरातील मुलगे, आणि आता मुलीसुद्धा, पथकात जाण्याची परवानगी मागतात. नुसते ‘नको’ म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. मूल न सांगता जाते एवढेच. तेव्हा परवानगी देण्यापूर्वी काय विचारावे, हे वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असावे, ह्या हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे, की हंडी फुटली म्हणजे मनोरा पूर्ण झाला असे नव्हे. शेवटच्या गड्याचा पाय सुखरूप जमिनीला लागला म्हणजे तो पूर्ण झाला.

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. वीस फुटांवरून सुटलेली वस्तू जमिनीस टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. चव्वेचाळीस फुटांवरून तो ताशी ५८ च्या आसपास जातो. शिवाय वरून पडणारा एकटा पडत नाही, तो खालच्यांच्या माना-पाठींवर पडतो. त्यातच अंगावर पाण्याचा मारा, ओल्या खांद्यांवरून घसरणारे पाय, आणि सकाळपासून अनेक ठिकाणी थर लावून आलेला थकवा! बहुधा घात होतो तो उतरताना. हंडी फुटताच खालच्यांचा धीर सुटतो, जयघोषात हात सैल पडतात आणि मनोरा एका अंगास कलतो.

हाच खेळ स्पेन देशातील कॅटालोनिया प्रांतात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला आहे. तेथे ह्या मनोऱ्यांस ‘कास्तेल्स’ म्हणजे किल्ले म्हणतात, आणि २०१० साली युनेस्कोने त्यांस मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तेथील एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. शिखरावरच्या मुलाने हात उंचावला, की किल्ला ‘चढला’ असे मानतात. पण सर्वजण क्रमाने खाली आले, तरच तो ‘चढून उतरला’ असे धरतात, आणि स्पर्धेत अधिक गुण त्यालाच मिळतात. वर पोहोचून कोसळणाऱ्यास अर्धेच यश! बुंध्याभोवती शेकडो माणसे छातीला पाठ लावून दाटीने उभी राहतात. त्यांच्यामुळे मनोऱ्यास आधार मिळतो, आणि कोणी पडलाच तर तीच त्याची गादी होते. कमरेला घट्ट गुंडाळलेला लांब शेला पाठीस बळ देतो व चढणाऱ्याच्या हातापायांस पायरी होतो. २००६ साली एका लहान मुलीचा मृत्यू झाल्यानंतर वरच्या मुलांस शिरस्त्राण घालण्याची रीत तेथे रूढ झाली. परंपरा जुनी म्हणून ती बदलू नये, असे त्या लोकांनी म्हटले नाही.

अमेरिकेत क्रीडांगणावर आपल्या संघास प्रोत्साहन देणाऱ्या मुलामुलींचे ‘चीअरलीडिंग’ १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाले असे मानतात. पुढे त्यात माणसे उंच फेकणे व झेलणे आले, आणि त्याबरोबर डोक्याच्या व मानेच्या दुखापतीही आल्या. तेव्हा तेथे नियम झाले. शाळकरी संघांचे मनोरे दोन माणसांच्या उंचीवर जाऊ द्यावयाचे नाहीत. कठीण फरशीवर अवघड फेकी करावयाच्या नाहीत. खालची पायरी पक्की झाल्यावाचून वरची शिकवावयाची नाही. शिवाय चढणाऱ्याच्या पाठीशी एक राखणदार उभा असतो. मनोरा पेलणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. पडणाऱ्याचे डोके, मान व खांदे सांभाळणे हे त्याचे काम. कसे झेलावे, हे चढण्याइतक्याच कसोशीने शिकवितात.

ह्या दोन्ही ठिकाणचा धडा आपल्या पथकांस लावून पाहावा. सराव निदान गुरुपौर्णिमेपासून नित्य होतो काय? सरावाखाली जाड गाद्या असतात काय? चढणारा पाय खांद्याच्या टोकावर न देता मानेलगत देतो काय? सर्वांत वरच्याच्या कमरेस सुरक्षा-दोर व डोक्यास शिरस्त्राण असते काय? विमा उतरविला आहे काय? थर उतरविण्याचा सराव थर लावण्याइतकाच होतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खालच्या थरातील कोणीही ‘आता झेपत नाही’ म्हणाला, तर मनोरा तत्काळ उतरविण्याची शिस्त आहे काय? ज्या पथकात माघार घेणाऱ्याची थट्टा होते, तेथे आपले मूल मुळीच धाडू नये.

वयाचा प्रश्न न्यायालयांतही गेला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची व अठरा वर्षांची मर्यादा घातली, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेविली. २०१७ साली मात्र उंचीचे बंधन गेले, व चौदा वर्षांखालील मुले घेणार नाही ही शासनाची हमी उच्च न्यायालयाने मान्य केली. २०२२ साली राज्य शासनाने ह्यास खेळाचा दर्जा दिला. पण कायदा काहीही म्हणो, मूल हलके आहे एवढ्याच कारणाने त्यास शिखरावर चढविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्याचे हलकेपण सर्वांच्या सोयीचे; जोखीम मात्र त्या एकट्याची.

इतके करूनही कोणी पडलाच, तर त्यास उचलून बसविण्याची घाई करू नये. मानेस किंवा पाठीस मार बसल्याचा संशय असेल, तर आहे तसेच निजवून, दोन्ही हातांनी डोके स्थिर धरून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातापायांस मुंग्या येणे, ते न हलणे, वांती होणे किंवा शुद्ध हरपणे ही गंभीर लक्षणे होत. पाणी पाजू नये, खांद्यावर टाकून पळू नये. दुखावलेला कणा अशा उचलण्याने अधिक दुखावतो, आणि मग आयुष्यभराचे पांगळेपण पदरी येते.

साहस मुलांच्या अंगी असावेच. भित्रेपणाचे संस्कार आम्ही कधी मानले नाहीत. परंतु सायंकाळी मूल भिजून घरी आले म्हणजे ‘किती थर लावले?’ असे विचारण्याची आपली सवय आहे, ती तेवढी बदलावी. ‘सगळे नीट उतरले ना?’ असे आधी विचारावे. घरात कोणत्या गोष्टीचे कौतुक होते, हे मुले बरोबर ओळखतात.