गोड वास खरोखर गोड असतो का?

गूळ गोड, पेढा गोड, हापूस गोड. पण एखाद्या सेंटचा वास 'गोड' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? ते सेंट कुणी चाखून पाहिलेले नसते. गोडी ओळखणे हे जिभेचे काम. मग नाकाने हा शब्द जिभेकडून उसना घेतला की काय?

उदाहरणासाठी आपण पुरुषांसाठी म्हणून विकले जाणारे एक सेंट घेऊ. १९९५ साली फ्रान्समध्ये झाँ पॉल गोतिये या नावाने 'ल माल' हे सेंट बाजारात आले. नावाचा अर्थ 'नर'. वास मात्र सुरुवातीला पुदिना, मग लव्हेंडर आणि शेवटी व्हॅनिला. म्हणजे थेट आईस्क्रीमची आठवण करून देणारा!

एकाच बाटलीतले वास एकामागून एक का येतात?

सेंटमध्ये बहुतांश भाग अल्कोहोलचा असतो. फवारल्यावर पहिल्यांदा तेच उडून जाते, म्हणून लगेच हुंगले तर नाकाला झिणझिण्या येतात. उरलेल्या सुगंधी रेणूंचा उडून जाण्याचा वेग सारखा नसतो. लिंबाच्या सालीतले लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, लव्हेंडरमधले लिनालूल १९८ अंशांना, तर व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन सुमारे २८५ अंशांना.

इथे मुले हमखास विचारतील, "मग खोलीत तो वास येतोच कसा?" दोरीवरचे ओले कपडे पाणी न उकळताही वाळतात, हे त्यांना आठवून द्यावे. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला चालू असते. ज्या पदार्थाचा उत्कलनबिंदू जास्त, तो साधारणपणे सावकाश उडतो, इतकेच.

हा फरक केवळ वजनाचा नाही. लिमोनीनचा रेणुभार १३६ आणि वाळलेल्या गवतासारखा गोडसर वास असणाऱ्या कुमारिनचा १४६; म्हणजे जवळजवळ सारखाच. तरी कुमारिन ३०१ अंशांना उकळते. कुमारिनच्या रेणूत ऑक्सिजनचे अणू आहेत. त्यांच्यामुळे रेणूत विद्युतभाराची विभागणी असमान होते आणि शेजारचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. लिमोनीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन. तिथे ही पकड सैल.

म्हणूनच दुकानात पहिल्या मिनिटाला आवडलेले महागडे सेंट संध्याकाळी नकोसे वाटू शकते. पैसे आपण लव्हेंडरसाठी मोजतो आणि दिवसभर अंगावर वागवतो व्हॅनिला.

गोडी शिकलेली असते

व्हॅनिलिन स्वतः गोड नाही. साखरेशिवाय त्याची चव कडवटच लागते. पण लहानपणापासून हा वास आपल्याला बिस्किटे, केक, आईस्क्रीम यांच्या सोबतीनेच भेटतो. मेंदू वास आणि चव यांची जोडी लावून ठेवतो. १९९५ साली स्टीव्हन्सन, प्रेस्कॉट आणि बोक्स या संशोधकांनी प्रयोगातील लोकांना अपरिचित वास साखरेच्या पाण्यातून पुन्हा पुन्हा दिले. पुढे नुसता वास दिला तरी तो त्यांना आधीपेक्षा गोड वाटू लागला. म्हणजे गोडी बाटलीत जितकी, तितकीच आपल्या आठवणीत!

'पुरुषी' या शब्दाचेही तसेच आहे. १८६८ साली विल्यम पर्किन यांनी प्रयोगशाळेत कुमारिन तयार केले. १८८२ साली हूबिगाँ या फ्रेंच पेढीच्या सेंटमध्ये ते वापरले गेले. पुढे त्याच धाटणीचा वास दाढीच्या साबणांत आणि पुरुषांच्या सेंटमध्ये रूढ झाला. कुमारिनच्या रेणूला मात्र स्त्री-पुरुष भेद ठाऊक नाही. आपल्याकडे लग्नात अत्तराचा फाया आणि गुलाबपाणी देताना तरी आपण कुठे भेद करतो?

वर्गात करून पाहा

टिपकागदाच्या सारख्या पट्ट्या कापा. काहींवर लिंबाची ताजी साल पिळा, काहींवर व्हॅनिला इसेन्सचा एकेक थेंब टाका. पट्ट्यांवर फक्त क्रमांक लिहा; कोणत्या क्रमांकावर काय, हे एकाच विद्यार्थ्याला माहीत असावे. इतरांनी पहिल्या मिनिटाला, अर्ध्या तासाने, शाळा सुटताना आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या हुंगून वासाच्या तीव्रतेला शून्य ते पाच गुण द्यावेत. नाक लवकर सरावते, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये थोडी विश्रांती घ्यावी. गुणांचा आलेख काढला की कोणता वास लवकर विरतो आणि कोणता टिकतो, हे डोळ्यांना दिसते. कुणाला दमा किंवा वासाची ॲलर्जी असेल, तर त्या मुलांकडे नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. खरे सेंट आणलेच, तर ज्योतीजवळ नेऊ नये. अल्कोहोल चटकन पेट घेते.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर जरूर ठसवावी. क्लोरोफॉर्म आणि बेंझिन यांचेही वास गोडसर असतात, आणि दोन्ही पदार्थ घातक आहेत. वास गोड म्हणजे पदार्थ निरुपद्रवी, असे अनुमान कधीही काढू नये. नाक आपल्याला ओळख सांगते, हमी देत नाही. अनोळखी बाटली हुंगण्याआधी तिच्यावरची चिठ्ठी वाचायची, आणि चिठ्ठी नसेल तर ती बाटली उघडायचीच नाही, ही सवय प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून लावायला हवी.