समासात घुसलेली ओळ

प्रकल्प-अहवाल ‘लाटेक’ या संगणकीय जुळणीपद्धतीत करणाऱ्यांना ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ ही सूचना ओळखीची असेल. तिचा अर्थ, ओळ समासात घुसली. लाटेकच्या मुळाशी असलेले ‘टेक’ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली हाती घेतले, कारण स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते त्यांना पसंत पडली नव्हती. म्हणूनच शब्दांमधली जागा मर्यादेपलीकडे ताणण्यापेक्षा टेक ओळ बाहेर जाऊ देते नि तक्रार नोंदवते. ‘ड्राफ्ट’ हा पर्याय दिल्यास तेथे काळा ठोकळा उमटतो. लांब शब्द कोठे तोडावा हे सांगितले की बहुधा भागते. समीकरण मात्र आपणच दोन ओळींत विभागावे. ‘स्लॉपी’ ही आज्ञा सरसकट देऊ नये, ओळीत खिंडारे पडतात. त्यापेक्षा वाक्यच थोडे बदलावे. जुन्या जुळाऱ्याला ती मुभा नव्हती!